न खरवडलेली तार

ही गोष्ट फार पूर्वीची म्हणावी, तर त्या गावात वीज आलेली होती. आणि अलीकडची म्हणावी, तर तिथली बाळं अजून सुईणीच्या घरीच जन्माला येत होती. तेव्हा मधल्याच कुठल्यातरी काळातली समजा. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक तांबट राहत होता.

तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. पण या तांबटाची तऱ्हा जरा निराळी होती. तो बाजारातून तांब्याचे पत्रे आणत नसे. लोकांच्या घरातली मोडकी उपकरणं तो गोळा करी. जळालेला मिक्सर, फिरायचा थांबलेला पंखा, विहिरीवरचा बंद पडलेला पंप, असलं काहीबाही. यांच्या मोटारीच्या पोटात तारेची गुंडाळी असते आणि ती बहुतेक वेळा तांब्याची असते. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या अंगणात भंगाराचा ढीग दिसे. तांबटाला त्याच ढिगात हंडे, कळश्या आणि घागरी दिसत.

गावालाही या गोष्टीचं मोठं कौतुक होतं. "आमचा पंखा दहा वर्षं वारा घालत होता, आता पाणी भरतोय," असं म्हणून बायका नवी कळशी शेजारणीला दाखवत.

हे काम अर्धं तांबटाचं आणि अर्धं तांबटणीचं होतं. उपकरण उघडायचं काम तिचं. अंगणात गोणपाट अंथरून ती बसे. जवळ पक्कड, छिन्नी, हातोडी आणि एक बोथट झालेली लहान सुरी. ती एकेक स्क्रू काढी, लोखंडाच्या चकत्या बाजूला ठेवी आणि तारेची गुंडाळी ओढून बाहेर काढी. मग प्रत्येक गुंडाळीतलं एक टोक धरून ती सुरीने खरवडून बघे.

का, तर या तारेवर एक पातळ लाखेसारखा थर असतो. त्या थरामुळे वरून सगळ्याच तारा लालसर दिसतात. खरवडल्यावर काही तारा आतूनही लाल निघतात, ते तांबं. काही आतून पांढऱ्या निघतात, ते ॲल्युमिनियम. पांढरी तार टाकाऊ मुळीच नसते. तांबटीण ती वेगळ्या टोपलीत ठेवी आणि आठवड्याच्या बाजारात पातेली ओतणाऱ्याला देऊन टाकी. तांब्यात मात्र ती चुकूनही जाऊ देत नसे.

"अगं, संपली का तुझी चौकशी?" तांबट भट्टीजवळून ओरडे.

"अहो, वरून सगळ्याच लाल. आत काय आहे ते बघायला नको?" ती मान वर न करता म्हणे.

"मला नाही बघावं लागत. तीस वर्षं झाली. रंग बघूनच सांगतो मी."

आणि खरंच, तो रंग बघून सांगे आणि त्याचं बरोबर निघे. निघणारच, कारण त्याच्या हातात येणारी तार आधी तांबटणीच्या सुरीखालून गेलेली असे. ही गोष्ट मात्र तो सोयीस्करपणे विसरत असे. माणूस हाताचा हुशार होता, मनाचा चांगला होता, पण कौतुकाचा भुकेला होता. कुणी चार शब्द बरे बोललं की त्याची छाती फुगे आणि जीभ सुटे.

त्या गावात आवडाई नावाची एक म्हातारी सुईण होती. गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या हातावर जन्मलेलं. त्यामुळे ती पाटलालाही अरे-तुरे करी आणि पाटीलही निमूटपणे ऐकून घेई. तिच्या पडवीत तांब्याचा एक मोठा बंब होता. बंब म्हणजे पाणी तापवायचं उंच भांडं. त्याच्या मधोमध एक नळी असते, तिच्यात जाळ करायचा, म्हणजे भोवतालचं पाणी तापतं आणि तोटीतून काढून घेता येतं. बाळंतिणीला आणि बाळाला लागणारं सगळं गरम पाणी त्या एका बंबातून येई. साठ वर्षं तो बंब चालला. मग एके दिवशी त्याची नळी जळून तिला बोट जाईल एवढं भोक पडलं.

दिवाळी तोंडावर आली होती. थंडीत गावातल्या तीन पोरी बाळंत व्हायच्या होत्या. त्यातली एक तांबटाचीच लेक, कृष्णी. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी येणार होती.

गाव चावडीपाशी जमलं. प्रत्येक घराने आपलं एखादं मोडकं उपकरण द्यायचं आणि त्या तांब्यातून तांबटाने नवा बंब घडवायचा, असं ठरलं. जुना बंबही वितळवून त्यातच घालायचा होता. आवडाईने तांबटाला फक्त एवढंच विचारलं, "कधी होईल रे सदोबा?"

सगळे आपल्याकडे बघताहेत हे तांबटाने पाहिलं. "तुळशीच्या लग्नाच्या दिवशी बंब तुमच्या पडवीत असेल, आवडाई," तो म्हणाला.

तांबटीण त्याच्याकडे बघतच राहिली. एवढ्या थोड्या दिवसांत एवढं काम कसं व्हायचं, हे तिला कळेना. पण चारचौघांत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मला कृष्णीला आणायला जायचंय. तिच्या सासरी डोहाळजेवण आहे, पंधरा दिवस तरी मोडतील. जमेल तेवढ्या तारा मी बघून ठेवते. उरलेल्या मी येईपर्यंत ओतू नका."

"बरं बरं," तांबट म्हणाला. हे 'बरं बरं' कसलं होतं, ते घरोघरच्या बायकांना सांगायला नको.

तांबटीण गेली. चार दिवसांनी गावातला एक दुकानदार गाडी घेऊन आला. पंखे, मिक्सर, इस्त्र्या विकायचं त्याचं दुकान होतं. गाडीत बारा पंखे होते. दिसायला अगदी नवेकोरे.

"दोन उन्हाळे चालले आणि बंद पडले," दुकानदार म्हणाला. "गिऱ्हाइकांनी परत आणून दिले. दुरुस्त होत नाहीत. म्हटलं, आवडाईच्या बंबाला तरी उपयोगी पडतील. माझी दोन्ही पोरं तिच्याच हातची."

त्याने ते मनापासून दिले होते, यात शंका नाही. त्या पंख्यांच्या आत काय आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. पेटीतून आले तसे त्याने विकले होते.

तांबटाने त्याच दिवशी बाराही पंखे उघडले. आतली तार लखलखीत लाल होती. जुन्या पंख्यांची तार काळवंडलेली असते, ही तर बघत राहावी अशी. त्याने गुंडाळ्या उपसल्या आणि टोपलीत टाकल्या. टोपली उचलली, तेव्हा ती हलकी लागली. एवढी भरलेली टोपली एका हाताने उचलता आली. तीस वर्षं तांबं उचलणाऱ्या हाताला ते लगेच कळलं. 'तार बारीक असेल,' असं म्हणून त्याने हाताचं म्हणणं तिथल्या तिथे उडवून लावलं.

बोथट सुरी गोणपाटावरच पडली होती. ती घ्यायला चार पावलं लागली असती. पण दिवस थोडे होते, आणि ज्याला रंग बघून कळतं त्याने सुरी कशाला घ्यावी? त्याने भट्टी पेटवली. जुन्या बंबाचे तुकडे, तांबटीण तपासून गेली होती त्या तारा आणि बारा पंख्यांच्या गुंडाळ्या, सगळं एकाच मुशीत गेलं.

वितळलेल्या रसावर राखाडी साय धरली. तांब्यावर अशी साय कधी धरत नसे. त्याने ती पळीने काढून टाकली. ओतलेल्या चकत्या थंड झाल्या, तेव्हा त्यांचा रंग जरा पिवळट वाटला. 'घासल्यावर उजळेल,' तो म्हणाला. एकटाच होता, म्हणून स्वतःलाच म्हणाला. मग त्याने ठोकायला सुरुवात केली.

तांबं ठोकताना मऊ असतं. हातोडीखाली ते सावकाश पसरतं. हे पसरेना. हातोडी उलट उडे आणि आवाज टणक येई. तरी त्याने नेटाने चकतीचा पत्रा केला, पत्र्याची भिंत केली, मग मधली नळी वळवायला घेतली. नळी अर्धी वळली आणि तिच्या खालच्या तोंडाशी, जिथे जाळाची सगळ्यात जास्त धग लागते नेमकी तिथे, केसाएवढी भेग पडली.

तांबट खाली बसला. कडेचा एक तुकडा कापून त्याने दोन्ही हातांनी वाकवला. तो वाकला नाही, मोडला. मग तो उठला, कोपऱ्यात राहिलेली पंख्याची एक तार उचलली आणि ती बोथट सुरी घेऊन खरवडली. तार आतून पांढरी होती.

आता काही इलाज नव्हता. नवं तांबं वाया गेलंच होतं, पण साठ वर्षांच्या बंबाचं चांगलं तांबंही त्याच रसात मिसळलं होतं. दुधात पडलेलं मीठ जसं परत निवडून काढता येत नाही, तसं हे होतं. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. त्याला लाज वाटली आणि भीतीही वाटली. लोक काय म्हणतील, याची भीती सगळ्यात आधी वाटली, हे सांगितलंच पाहिजे.

त्याने नळी कशीबशी पुरी वळवली, बंब जोडला आणि कथील वितळवून भेगेत भरलं. वरून घासलं, चिंच आणि राख लावून बंब असा चकचकीत केला की भेग कुठे होती ते त्याचं त्यालाही सापडेना. थंड पाणी भरून पाहिलं. एक थेंबही गळला नाही. पण थंड पाणी वेगळं आणि जाळ वेगळा. कथील जाळापुढे टिकत नाही, हे तांबटाच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं. नळी जाळात उघडली, तर कढत पाणी निखाऱ्यांवर पडणार, आणि वाफ, पाणी, निखारे सगळं खालच्या तोंडातून बाहेर उडणार. तिथे जो बसला असेल, त्याचे पाय भाजून निघणार.

तांबटाने मनाशी एक हिशेब मांडला. गावची रीत अशी होती, की नव्या बंबाचं पहिलं पाणी घडवणाऱ्याच्या पायावर घालायचं. म्हणजे पहिल्या दिवशी बंबाजवळ पाटावर तोच बसणार. थोडासाच जाळ करायला सांगू, पटकन पाय धुऊन घेऊ आणि दुसऱ्याच दिवशी 'तोटी नीट बसवायची राहिली' म्हणून बंब घरी आणू. मग निवांत दुसरा घडवू. काही झालंच, तर आपलेच पाय भाजतील. एवढं ठरवल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. आपण कुणाचं वाईट करत नाही आहोत, असंही वाटलं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तांबटीण कृष्णीला घेऊन आली. कृष्णीचा नववा सरत आला होता. पायांना सूज आली होती, पण चेहरा आनंदाने फुलला होता. अंगणातला बंब बघून ती म्हणाली, "बाबा, केवढा सुंदर झालाय!"

तांबटीण बंबाजवळ गेली. तिने त्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला विचारलं, "रंग जरा वेगळा वाटतो. तारा खरवडून घेतल्या होत्या ना?"

"हो," तांबट म्हणाला.

"सगळ्या?"

"हो गं, सगळ्या."

पंचवीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी भांडला होता, रुसला होता, अबोलाही धरला होता. खोटं मात्र कधी बोलला नव्हता. म्हणून तिने ते खरं मानलं आणि ती आत लेकीसाठी भात टाकायला गेली. तांबट अंगणात उभा होता तिथेच राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं, पण आत जाऊन दोन शब्द बोलण्याइतकं धैर्य काही गोळा होईना.

दुसऱ्या दिवशी ढोलताशे लावून बंब आवडाईच्या पडवीत नेला. सगळा गाव आला होता. बंबाला हळदकुंकू लावलं, त्यात पाणी भरलं, नळीत शेणी आणि लाकडाच्या ढलप्या घालून जाळ केला. दुकानदार पुढेच उभा होता. "माझे बारा पंखे आहेत बरं का यात," तो ज्याला त्याला सांगत होता आणि सांगताना त्याला खरंच फार आनंद होत होता.

बंबाजवळ पाट मांडला. तांबट चप्पल काढून पुढे झाला.

"थांब रे सदोबा," आवडाई म्हणाली. "रीत माहीत आहे मला. पण आज हा मान तुझ्या लेकीला देऊ. या बंबाच्या पाण्याने पहिलं तिचंच बाळ न्हाणार. तिच्या पायांना सूज आलीय, गरम पाण्याने बरं वाटेल. ये गं कृष्णे, बस."

"नको, नको," तांबट घाईने म्हणाला. "रीत कशाला मोडायची? मीच बसतो."

लोक हसले. "बघा, मान सोडवत नाही!" कुणीतरी म्हणालं. कृष्णीही हसली. एक हात कमरेवर ठेवून ती हळूच पाटावर बसली आणि तिने आपले सुजलेले पाय बंबाच्या बाजूला पुढे केले.

"पाणी चांगलं कढू दे," आवडाई म्हणाली आणि तिने आणखी चार ढलप्या जाळात सारल्या. जाळ वर चढला. आतलं पाणी गुणगुणायला लागलं.

तांबट बघत होता. अजून थोडा वेळ टिकेल, असं एक मन म्हणत होतं. आता ओरडलो तर सगळ्या गावासमोर, बायकोसमोर, लेकीसमोर उघडा पडेन. नाही ओरडलो आणि काही झालं नाही, तर कुणाला कधीच कळणार नाही. पाणी मोठ्याने गुणगुणू लागलं. कृष्णीने धग लागली म्हणून साडीचा काठ जरा वर घेतला आणि तिच्या पायाच्या उघड्या बोटांकडे त्याचं लक्ष गेलं.

"ऊठ!" तांबट ओरडला. "कृष्णे, ऊठ तिथून!"

त्याने धावत जाऊन तिला दंडाला धरून उठवलं आणि बाजूला सारलं. चिमटा घेऊन तो जळत्या ढलप्या अंगणात ओढायला लागला. ढोल थांबला. याला वेड लागलं की काय, असं लोकांना वाटलं. निम्म्या ढलप्या बाहेर आल्या तोच बंबाच्या आत 'टक्' असा आवाज झाला. नळी खालून उघडली, पाणी राहिलेल्या निखाऱ्यांवर आलं आणि मोठा फूत्कार करून वाफ बाहेर पडली. पाट पाण्याने भिजला. तांबटाचा चिमटा धरलेला हात कोपरापर्यंत भाजला.

वाफ विरली. आवडाईने माठातलं गार पाणी त्याच्या हातावर घालायला सुरुवात केली.

"कसं झालं हे?" तिने विचारलं.

तांबटाने सगळं सांगितलं. पांढरी तार, हलकी टोपली, राखाडी साय, भेग, कथील. काही गाळलं नाही. शेवटी तो म्हणाला, "भेग पडली तेव्हा मला कळलं होतं. चार दिवस आधी कळलं होतं. मी झाकली."

दुकानदाराचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या पंख्यांमुळे..." तो पुटपुटला.

"नाही हो," तांबट म्हणाला. "तुम्ही दिलंत ते चांगल्या मनाने दिलंत. आणि त्या पांढऱ्या तारेचाही काही दोष नाही. ती जी होती तीच होती. मी तिला विचारलं नाही."

तांबटीण पुढे झाली. भिजलेला पाट तिने उचलला, कृष्णीला धरलं आणि ती घराकडे निघाली. दारातून वळून एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला." हाताच्या भाजण्यापेक्षा तांबटाला ते जास्त लागलं.

लोक कुजबुजू लागले. आमच्या घरचं तांबं, आमचा पंप, साठ वर्षांचा बंब, सगळं मातीत घातलं, असं जो तो बोलू लागला. तेव्हा आवडाई म्हणाली, "बडबड पुरे. पाणी चुलीवरही तापतं. याने तोंड उघडलं म्हणून ती पोर स्वतःच्या पायांनी घरी गेली. चार दिवस उशिरा उघडलं, त्याबद्दल मी त्याला काय बोलायचं ते बोलेन. तुम्ही आपापल्या घरी जा आणि मोठी पातेली घासून ठेवा."

आठव्या दिवशी सकाळी कृष्णीला कळा सुरू झाल्या. बंब नव्हता. तांबट एका हाताला फडकं गुंडाळलेला, दुसऱ्या हातात घागर घेऊन घरोघर फिरला. प्रत्येक दारात उभा राहून तो म्हणाला, "माझ्यामुळे बंब नाही. माझ्या लेकीसाठी एक घागर गरम पाणी हवंय." हे वाक्य त्याला चाळीस दारांत म्हणावं लागलं. पण एकही दार बंद झालं नाही. दुपारपर्यंत आवडाईच्या पडवीत गरम पाण्याच्या घागरींची रांग लागली. दुकानदार स्वतः दोन कळश्या घेऊन आला. उन्हं कलायच्या आधी मुलगी झाली, आणि चाळीस चुलींवर तापलेल्या पाण्याने तिला न्हाऊ घातलं.

दुसऱ्या बंबासाठी तांबटाने पुन्हा कुणाकडे मागितलं नाही. आधी त्याने घरातली तांब्याची भांडी काढली, स्वतःच्या लग्नातलं घंगाळही काढलं. ते बघून मग लोकच पुन्हा मोडकी उपकरणं आणून टाकू लागले. तांबटीण पूर्वीसारखी गोणपाटावर बसली. ती अजून कमीच बोलत होती. तांबट भट्टी पेटवण्याआधी प्रत्येक टोपली तिच्यापुढे आणून ठेवी आणि तिच्या बाजूला बसून स्वतःही एकेक टोक खरवडी. "मी बघितलंय," असं तो म्हणत नसे. "तू एकदा बघ," म्हणे. असं महिनाभर चाललं. मग एके दिवशी ती त्याने खरवडलेली टोपली न बघता तशीच पुढे सरकवून म्हणाली, "घाला भट्टीत." तांबटाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास बंब झाला. गावातल्या उरलेल्या दोघींची बाळं त्याच्याच पाण्याने न्हाली.

फुटक्या बंबाचं काय झालं? त्याचं भांडं होण्यासारखं नव्हतं. तांबटाने तो वितळवून त्याची लादी ओतली आणि ती अंगणाच्या तोंडाशी पायरी म्हणून बसवली. कुणी नवखा भंगार घेऊन आला आणि "ही पिवळट पायरी कसली?" असं त्याने विचारलं, की तांबट हातातलं काम बाजूला ठेवी आणि सगळी हकिकत सांगे. आपल्या खोट्यासकट सांगे.

एकदा कृष्णी माहेरी आली होती. तिची मुलगी आता त्याच पायरीवर चढउतर करण्याइतकी मोठी झाली होती. बाबांची गोष्ट चाललेली ऐकून कृष्णी म्हणाली, "बाबा, लोक कधीच विसरलेत ते. परक्या माणसांना कशाला सांगत बसता? तुमचीच अब्रू जाते."

ज्याला गोष्ट सांगणं चाललं होतं, तो दूरच्या गावचा माणूस होता. डोक्यावर जुन्या पंपाचं ओझं होतं. आत शिरल्यापासून तो ते उतरवू की नको, असा घुटमळत उभा होता. आमच्या तांब्यात काही भेसळ तर होणार नाही ना, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

गोष्ट संपल्यावर त्याने ओझं उतरवलं आणि तांबटाच्या पुढ्यात ठेवलं. "हंडा झाला की निरोप धाडा," तो म्हणाला आणि मागे वळून न बघता गेला.

म्हणून मुलांनो, आणि मुलांना ही गोष्ट वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच.

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होते. ती झाकली तर तिची झळ आपल्याच माणसांना लागते, आणि कबूल केली तर गेलेला विश्वासही हळूहळू परत येतो.